न सांगितलेली खोट

मुळशीतल्या कासार आंबोली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून, आठ-दहा घरं आहेत. त्यातल्या शेवटच्या घरात म्हसू राहतो. बेचाळीस वर्षांचा, उंच, उन्हानं रापलेला गडी. नवव्या वर्षी बापाच्या मागं मेंढरांत गेला, तो गेल्या मे महिन्यापर्यंत चालतच होता. आता तो गाडी चालवतो. सकाळी कोथरूडहून एका प्राध्यापक बाईंना घेऊन लवळ्याच्या कॉलेजात सोडायचं, संध्याकाळी परत न्यायचं, आणि मधल्या वेळात कुणाचं दवाखान्याचं, कुणाचं तहसीलचं भाडं करायचं. दिवसभर बसून त्याचे पाय सुजतात. तेहतीस वर्षं चालून कधी सुजले नव्हते.

मेंढरं सोडली म्हणजे कंटाळून सोडली असं नव्हे. चरायला जागाच राहिली नाही. ज्या माळावर त्याचा बाप कोंडिबा मेंढरं मोकळी सोडायचा, तिथं आता तारेचं कुंपण आहे. कुंपणाच्या आत शनिवार-रविवारचे बंगले आणि बंगल्यांपुढं हिरवळ. हिरवळ लावायची, तिला रोज पाणी घालायचं, ती वाढली की मशीननं कापायची आणि कापलेलं गवत पोत्यात भरून फेकून द्यायचं, पण मेंढराच्या तोंडी लागू द्यायचं नाही, हा काय प्रकार आहे ते म्हसूला आजवर उमगलेलं नाही. मलाही नाही.

त्याची बायको सोनिया रिहे गावची. तिचा थोरला भाऊ बापूसाहेब तिथंच असतो. भाताची खाचरं आहेत, मागं डोंगराचा पट्टा आहे, आणि पाच-सहा वर्षं त्यानं एक पांढरी गाडी भाड्यानं चालवली होती. यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं निरोप धाडला. कंबर धरली, डायव्हरकी होत नाही. माझ्याकडं चारा आहे, तुमच्याकडं मेंढरं आहेत. दाजी, अदलाबदल करू. चाळीस मेंढ्या इकडं, गाडी तिकडं. म्हसूला गाडी येत होती. तरुणपणी त्यानं बाजाराला मेंढरं नेणारा टेम्पो दोन वर्षं, बाजाराच्या दिवसांपुरता, चालवला होता, लायसनही होतं. तरी त्यानं आठवडा घेतला. शेवटी एका सकाळी मेंढरांकडं बघत तो सोनियाला एवढंच म्हणाला की दुसऱ्या कुणाला दिली नसती, बापूसाहेब घरचाच आहे.

इथं म्हसूच्या घरातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं त्या रितीवरच घसरलं. बाजारात जनावर घेताना म्हसूसारखा चिकट माणूस नाही. दात बघेल, पाठीवरून बोटं फिरवेल, कास चाचपेल, चढावर चालवून धाप बघेल, आणि एवढं करून नको म्हणून निघून जाईल. पण सोयऱ्याकडून जनावर घ्यायचं असलं तर त्याचं तोंड उघडायचं नाही. उघडलं तर तो सोयऱ्याचा अपमान. त्याऐवजी देणाऱ्यानं आपण होऊन जनावराची खोट सांगायची, एकही न लपवता, आणि घेणाऱ्यानं ऐकून घ्यायची. कोंडिबानं उभ्या जन्मात हे असंच केलं आणि पोरालाही हेच शिकवलं. रीत जुनी आहे, मोठी देखणी आहे, आणि दोन्ही बाजूंनी पाळली तरच चालते.

म्हसूनं आपल्या बाजूची पाळली. मेंढरं रिह्याला नेली त्या दिवशी मेंढरांसाठी केलेल्या वाड्याच्या तोंडाशी उभं राहून त्यानं एकेक मेंढी पुढं काढून सांगितली. हिला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, कळपाच्या उजव्या कडेला ठेवा. ही पावसात खोकते. ही कोकरू टाकते, दोनदा टाकलंय. तासभर हे चाललं. सोनिया शेजारी उभी होती. एका मेंढीचा एक सड मेलेला होता, ते सांगायचं म्हसू विसरला, तर तिनं हळूच आठवण करून दिली आणि म्हसूनं तेही सांगितलं. बापूसाहेब मान डोलवत ऐकत होता.

मग गाडीची पाळी आली. म्हसू गाडीभोवती एकदा फिरला आणि थांबला. बोनेट उघडा म्हणाला नाही. बापूसाहेबानं किल्ली त्याच्या हातात दिली, तुम्हीच चालवा म्हणाला, आणि दोघं रिह्याहून घोटावड्यापर्यंत जाऊन आले. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूला खाचरं, गाडी लोण्यासारखी पळत होती. बापूसाहेब शेजारी बसून म्हणाला, “लई गुणाची हाय, दाजी. काय बोलायला जागा न्हाई.” म्हसू खोट ऐकायला थांबला होता. खोट नाहीच म्हटल्यावर त्याला मेव्हण्याच्या नशिबाचं कौतुक वाटलं.

पहिले दोन महिने बरे गेले. भाडी सगळी गावाकडची, पौडकडची, रस्ते पळते. मग कॉलेजं सुरू झाली आणि म्हसूला वृषाली मॅडमचं रोजचं काम मिळालं. रोजचं काम म्हणजे रोज भूगाव. आता भूगावच्या सकाळची गोष्ट मी काय सांगावी! तिथं गाड्या चालत नाहीत, सरकतात. पायी जाणारी म्हातारी पुढं निघून जाते आणि वळून बघते. त्या गर्दीत चौथ्याच दिवशी गाडीचा तापमानाचा काटा मधून निघाला आणि वर चढू लागला. म्हसूनं तो कधी हललेला पाहिला नव्हता. बोनेटच्या फटीतून वाफ आली, तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. अर्ध्या तासानं सुरू केली, पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि काटा आपोआप खाली आला. जणू काही झालंच नव्हतं.

पंधरा दिवसांत तसंच परत झालं. तिसऱ्या वेळी मॅडमचं पहिलं लेक्चर चुकलं. त्या रागावल्या नाहीत. चांगल्या बाई आहेत. फक्त विचारलं, “म्हसूदादा, गाडी घेताना कुणाला दाखवली नव्हती का?”

म्हसूनं सांगितलं की घरचीच गाडी आहे, मेव्हण्याची.

“म्हणजे नव्हती दाखवली,” त्या म्हणाल्या आणि मोबाइलमधे बघू लागल्या.

ते वाक्य म्हसूच्या अंगात काट्यासारखं राहिलं. गाडी तापते याचं त्याला फार वाटलं नाही. जनावरही आजारी पडतं. पण त्या बाईंच्या बोलण्यातून जे डोकावलं, त्यानं त्याची झोप उडाली. बापूसाहेबाला हे ठाऊक होतं की काय? त्याला तेवढंच कळून घ्यायचं होतं. रोग नवा असला तर काही म्हणणं नव्हतं, दुरुस्त करू. जुना असला तर मात्र बायकोच्या भावानं, दाजी दाजी करत, त्याच्याकडून चाळीस मेंढ्यांच्या खोटी तासभर ऐकून घेतल्या होत्या आणि आपली एक गिळली होती.

घरी त्यानं सोनियाला गाडी तापल्याचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं की पाणी घातलं होतं का. मग थोड्या वेळानं म्हणाली, दादाला कशाला सांगताय उगाच, त्याला वाईट वाटेल. म्हसूला बरं वाटलं. भावाची माया आहे, तो मनात म्हणाला.

शनिवारी मॅडमना सुट्टी. म्हसू गाडी घेऊन पिरंगुटच्या अलीकडं जयवंतच्या शेडवर गेला. जयवंत कासार आंबोलीचाच, बौद्धवाडीतला. वीस वर्षं एका कंपनीत गाड्यांवर काम करून आता स्वतःचं टाकलेलं. पत्र्याची शेड, आत सगळं जिथल्या तिथं, पान्यांच्या मागं भिंतीवर पान्यांचेच आकार रंगवलेले. त्याची एक सवय होती, ती गिऱ्हाइकांना वैताग आणायची. गाडीला हात लावण्याआधी तो डायव्हरला समोर बसवायचा आणि बोलतं करायचा. बोनेट उघडायची घाई झालेल्याला तो सांगायचा की गाडी खोटं बोलत नाही, पण आपण विचारायच्या आधी ती बोलतही नाही.

म्हसूला हे आवडलं. तोही आजारी मेंढी आधी लांबून बघायचा. दुपारी कळप बसला की कोण उभं आहे, उभं असलं तर तोंड कुठं केलंय, यावरून त्याला पोटदुखी कळायची.

जयवंतनं विचारलं, कुठं तापते? भूगावात. घाटात? नाही. रिह्याच्या चढावर, चार माणसं घालून? नाही. उभी राहिली की? हो. पळाली की? निवते.

“मग पानी फिरतंय,” जयवंत म्हणाला. “पानी फिरत नसतं तर चढावर आधी तापली असती. पळती गाडी पुढून वारा खाती, तिला पंख्याची गरज न्हाई. उभ्या गाडीला वारा पंख्यानं द्यावा लागतो. आपुन पंख्यापाशी जाऊ, पन सरळ न्हाई जायचं. बाकीचं आधी बाजूला काढू.”

गाडी गार होती. त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट घालून बाहेर काढलं. बोट तांबडं झालं. इंजिन गार ठेवणारं हिरवं औषध घालायचं, त्याऐवजी कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं होतं. म्हसूनं लगेच विचारलं की हे आपल्याकडून झालं असेल का, आपण तीनदा पाणी घातलंय. तीनदा घालून एवढा गंज येत नाही, जयवंत म्हणाला. पण गंज म्हणजे हयगय, लबाडी नव्हे. म्हसूचा जीव भांड्यात पडला. हयगय त्याला चालत होती. बापूसाहेब पहिल्यापासून आळशीच.

मग इंजिन चालू करून ठेवलं. जयवंतनं वरचा रबरी पाइप हाताला लावून बघितला, मग खालचा. दोन्ही तापले, म्हणजे पाणी खरंच फिरत होतं. कुठं गळती नव्हती. दोघं बोनेटपाशी उभे राहिले. सात मिनिटं झाली, दहा झाली. काटा मधून सुटला आणि वर निघाला. आता पंखा लागायला हवा होता. पंखा गप्प. काटा आणखी वर गेला. जयवंतनं गाडी बंद केली, निवू दिली आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरनं पंख्याचं पातं ढकललं. पातं हललं नाही. पंख्याची मोटार आतून धरली होती, गंजून घट्ट.

“हे कदीचं?” म्हसूनं विचारलं.

ते सांगता येत नाही, जयवंत म्हणाला. पावसात एखादा खड्डा लागला, पाणी उडालं, तर महिन्यातही धरते. म्हसूनं जोरात मान हलवली. जुलैत मोठा खड्डा लागला होता, भुकूमपाशी, त्याला चांगलं आठवत होतं. खड्ड्याबद्दल एवढी कृतज्ञता मुळशी तालुक्यात आजवर कुणाला वाटली नसेल.

पण जयवंतचं संपलं नव्हतं. धरलेली मोटार जोर मागते आणि फ्यूज उडतो, तेव्हा उडालेला फ्यूज बघू, असं म्हणून त्यानं बॅटरीशेजारच्या काळ्या डबीचं झाकण काढलं. आत रंगीबेरंगी फ्यूज ओळीनं बसलेले. झाकणाच्या आतल्या चित्रात पंख्याची जागा दाखवली होती. त्या जागेत काही नव्हतं.

मग म्हसूला जवळ बोलावून त्यानं दाखवलं. फ्यूज उडतो तेव्हा जागेवरच बसून राहतो, आतली तार तेवढी तुटते. इथं फ्यूजच काढून घेतला होता. परत परत उडतो म्हणून कुणीतरी काढला आणि परत घातला नाही. रिकाम्या जागेत धूळ होती, आणि धुळीवर कोळ्यानं जाळं विणलेलं.

“चार महिन्यांतलं न्हाई?” म्हसूनं विचारलं.

“न्हाई. वर्सावरचं हाय.”

म्हसू खाली बाकड्यावर बसला. मग त्यानं आपल्या मेव्हण्याच्या बाजूनं वकिली सुरू केली. मेकॅनिकनं काढला असेल. बापूसाहेबाला सांगितलं नसेल. त्याला गाडीतलं काय कळतं, त्यानं बोनेट तरी कशाला उघडलं असेल. जयवंत हात पुसत ऐकत होता. एरवी तो गिऱ्हाइकाला तोंडावर बोलणारा माणूस, पण आज त्यानं घाई केली नाही.

“आसंलबी,” तो म्हणाला. “मानसाची खोट मला कळत न्हाई, म्हसू. मला बोनेटखालचं कळतं.”

मोटार पुण्यातून आणावी लागणार होती. जयवंतनं कागदावर नंबर लिहून दिला, दुकानाचा पत्ता दिला, तू आण, मी दुपारी बसवतो म्हणाला. रेडिएटर धुऊन त्यानं त्यात ताजं पाणी आणि हिरवं औषध भरलं. म्हसू गाडीत बसल्यावर त्यानं खिडकीशी वाकून आणखी एक गोष्ट सांगितली. भूगावात अडकलास तर काचा खाली घे आणि हीटर लाव, थंडीतला. पूर्ण सोड. इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो, तू घामाघूम होशील, पण काटा थांबेल. जुने डायव्हर असंच करतात, खोट असलेली गाडी गर्दीतून काढायची असली की.

जाताना रस्ता बरा होता. येताना, शेजारच्या सीटवर नव्या मोटारीचा खोका ठेवून म्हसू भूगावात पोचला आणि दुपारच्या बाराला पुढं डंपर, मागं बस, असा मधे अडकला. काटा हलला. त्यानं काचा खाली घेतल्या, निळा-लाल खुणेचा गोल खटका लालकडं फिरवला आणि गाडीतला हवेचा पंखा पूर्ण सोडला.

गरम हवा त्याच्या पायांवर आली.

म्हसूनं चपला काढलेल्या होत्या. ती हवा घोट्यावरून पोटऱ्यांवर चढली. त्या हवेची त्याला ओळख होती. मे महिना. अदलाबदल झाल्यावर बापूसाहेब त्याला आणि सोनियाला त्याच गाडीतून कासार आंबोलीला सोडायला आला होता. शेवटची फेरी मीच मारतो म्हणून स्वतः चालवत; परत तो एसटीनं गेला होता. सोनिया मागं. पिरंगुटच्या चौकात कंपन्या सुटल्याची गर्दी, गाडी उभी. बापूसाहेबानं काचा खाली घेतल्या होत्या. आणि तेव्हा ही अशीच गरम हवा म्हसूच्या पायांवर आली होती. त्यानं पाय आखडून विचारलं होतं. बापूसाहेब म्हणाला होता, “इंजिनाची ऊब हाय, दाजी. गाडीत येतीच.” त्याचा हात तेव्हा त्या खटक्यावर होता. बघायचीही गरज लागली नव्हती त्याला; रोजच्या सवयीनं, न बघता, हात तिथं गेला होता.

मागच्या बसनं हॉर्न दिला. पुढचा डंपर हलला होता. काटा मात्र जागेवर थांबला होता. उपाय बरोबर होता. म्हसूला रडू आलं, आणि एवढ्या उकाड्यात ते घामातच गेलं.

तो जयवंतकडं गेला नाही. पिरंगुटातून घोटावड्याकडं वळला आणि मोटारीचा खोका तसाच घेऊन रिह्याला पोचला. बापूसाहेब पडवीत बसला होता. त्यानं उठून या दाजी म्हटलं, आत चहा टाकायला सांगितला. म्हसू बसला नाही. त्यानं आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. पंख्याचा फ्यूज कुणी काढला, एवढं विचारलं.

बापूसाहेब आधी हसला. कसला फ्यूज म्हणाला. मग म्हसूनं पिरंगुटच्या चौकातली गरम हवा सांगितली आणि तो हसायचा थांबला. मीच काढला, त्यानं कबूल केलं, सारखा उडायचा. मोटार बदलायची राहून गेली. गर्दीतलं भाडं तो घेतच नव्हता. आणि मग, माणूस सापडला की चिडतो तसा तो चिडला. गाडी काय जनावर आहे का, म्हणाला, तोंडाशी उभं राहून खोटी सांगायला? ती रीत मेंढरांची. लोखंडाची कुठली रीत?

“मी तासभर सांगत व्हतो,” म्हसू म्हणाला. “तुमी ऐकत व्हता.”

बापूसाहेब अंगणात उतरून चिखलात पायाचा अंगठा फिरवत राहिला. चहा आला, तो तसाच राहिला. म्हसू गाडीकडं निघाला तेव्हा मागून तो जे बोलला ते कदाचित स्वतःची लाज हलकी करायला बोलला असेल. काही असो, बोलला.

“मी सांगनार व्हतो, दाजी. देवाशपथ. आदल्या दिवशी मी सोनीला म्हनलो, त्यांना सांगतो पंख्याचं. ती म्हनली, नको. तिला इचारा.”

म्हसू मेव्हण्यावर रागावून आला होता. तो राग त्याला पेलत होता, कारण मेव्हणा शेवटी परक्या घरचा. हे दुसरं पेलायला त्याच्याकडं काहीच नव्हतं. रिह्याहून कासार आंबोली किती लांब आहे? त्या दुपारी रस्ता मोकळा होता, गाडी निवांत पळत होती, आणि म्हसूला वाटत होतं की मधे कुठंतरी गर्दी लागावी, तासभर अडकावं, घर येऊ नये.

सोनिया दारात बसून पोरीची वेणी घालत होती. पोरगी आठवीत. म्हसूनं पोरीला जयवंतकाकाच्या घरी खोका पोचवायला पाठवलं. ती गेली. मग त्यानं उभ्यानंच विचारलं, तुला पंख्याचं ठाऊक होतं का?

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. हातातला कंगवा खाली ठेवला.

“व्हय,” ती म्हणाली. “मी सांगितलं असतं तर तुमी मेंढरं दिली असती का?”

“न्हाई.”

“मग?”

आणि मग सोनिया बोलली, जे ती पंधरा वर्षांत तुकड्यातुकड्यानं बोलत आली होती आणि म्हसूनं तुकड्यातुकड्यानं कानाआड केलं होतं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार बांधून कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. दुसरं बाळ वाटेत, आंब्याच्या झाडाखाली झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. चौथ्या दिवशी कळप पुढं निघाला, तशी तीही निघाली. पोरगी चार शाळांत चार-चार महिने बसली. मला आणखी चालायचं नव्हतं, ती म्हणाली. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, तुम्ही म्हणायचा पुढच्या वर्षी बघू. दादाची गाडी आली तेव्हा मी ठरवलं, ही जाऊ द्यायची नाही. गाडी काय, दुरुस्त होते.

हे सगळं खरं होतं. म्हसूला त्यातलं एक अक्षर खोडता येईना, आणि त्यामुळंच ते जास्त झोंबलं. बापूसाहेबानं त्याला फसवलं ते आळसानं आणि लोभानं. हिनं फसवलं ते त्याला नीट ओळखून. जनावर कुठं वळेल हे माहीत असलेला मेंढपाळ जसा आधीच त्या वाटेवर जाऊन उभा राहतो, तशी ती उभी राहिली होती, आणि तो मुकाट वळला होता. चार महिने तिच्या हातची भाकर खाल्ली होती आणि कॉलेजं लागल्यापासून रोज सकाळी भूगावला तापायला गेला होता.

“मला सांगायचंस,” तो म्हणाला. “भांडायचंस. मेंढरांच्या आडवं पडायचंस.”

“तुमी मला एकदा तरी इचारलं असतं ना, गाडीचं काय खरं हाय म्हनून, तर मी खोटं बोलले नसते.”

“तुलाबी इचारावं लागतंय,” म्हसू म्हणाला, “हे मला ठाऊक नव्हतं.”

सोनियाच्या तोंडाला तोंड देणारा गावात कुणी नाही. आता तिनं लुगड्याच्या काठावर पडलेले पोरीचे केस वेचले, ते बोटाला गुंडाळले आणि गुंडाळतच बसली.

जयवंतनं त्याच संध्याकाळी म्हसूच्या दारात येऊन मोटार बसवली, नवा फ्यूज घातला. गाडी आता तापत नाही. भूगावात काटा मधे उभा असतो आणि वृषाली मॅडम लेक्चरला वेळेवर पोचतात. बापूसाहेबानं दोन मेंढ्या परत धाडल्या होत्या, भरपाई म्हणून. म्हसूनं त्या आल्या पावली परत पाठवल्या. रिह्याला जाणं-येणं बंद नाही, सणाला सोनिया जाते, म्हसू तिला दारापर्यंत सोडतो आणि गाडीतून उतरत नाही.

आणि घरात म्हसू आता विचारतो. पूर्वी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस, पण आता जेवताना विचारतो की आज पोरगी शाळेत गेली होती का. दूध आजचं आहे का विचारतो. तुझं डोकं दुखत होतं, गोळी घेतली का. कोण आलं होतं दुपारी. सगळे साधे प्रश्न, कुठल्याही घरात विचारतात तसे. सोनिया हातातलं काम थांबवून प्रत्येकाचं उत्तर देते, आणि उत्तर प्रत्येक वेळी खरंच असतं. तिकडं आळीतल्या बायका तिला म्हणतात, गाडी आल्यापासून तुझा नवरा बोलका झाला, किती चौकशी करतो तुझी, नशीबवान आहेस.

सोनिया हो म्हणते.